विरंगुळा केंद्र, डोंबिवली पूर्व: तीन वर्षं हजेरी लावून लिहिलेला रिव्ह्यू

सून म्हणाली, आई तुम्ही रोज जाता तर त्याबद्दल लिहा की, कितीतरी जण विचारत असतात आपल्या आईवडलांना कुठं पाठवायचं, तिथं नेमकं काय असतं. म्हणून लिहितेय. डोंबिवली पूर्वेला आमच्या बिल्डिंगपासून सात-आठ मिनिटांवर हे केंद्र आहे, एक ज्येष्ठ नागरिक संघ ते चालवतो. मी ऑगस्ट २०२२ पासून जातेय, पाऊस फारच असला किंवा गावी गेले तरच खाडा. नाव लिहीत नाही कारण तक्रारीपण लिहिणार आहे आणि त्यातली बरीच माणसं आता मला घरच्यासारखी आहेत. पण कल्याण, ठाणे, पुणे, नाशिक कुठंही राहात असलात तरी असं एखादं केंद्र जवळपास निघतंच, तिथं जाताना काय बघायचं ते यातनं कळेल.

आधी माझं थोडं सांगते. मी कराडकडची. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत ३७ वर्षं शिकवलं, २०१६ ला ५८ व्या वर्षी रिटायर झाले. मिस्टर त्याच्या दोन वर्षं आधी गेले. २०२१ ला नातवाला सांभाळायला म्हणून डोंबिवलीला आले, तेव्हा तो दोन वर्षांचा होता. पुढच्या जूनमध्ये त्याची शाळा सुरू झाली, शाळेला जोडूनच पाळणाघर, माझ्या गुडघ्यांमुळं त्याच्यामागं पळणं होईना म्हणून तेही बरंच झालं. पण मग सकाळी साडेसातला मुलगा-सून लोकलला पळाले की दार लागायचं ते संध्याकाळी साडेसातलाच उघडायचं. चौथ्या मजल्यावर मी आणि टीव्ही. समोरच्या फ्लॅटला कुलूप, शेजारच्यालाही कुलूप, सगळे नोकरीवर. मुलानं सुनेनं कधी वाईट वागवलं नाही हो, उलट जपतात, पण दिवसभर कुणाशी बोललं नाही की संध्याकाळी आवाज घोगरा निघतो हे मला तेव्हा कळलं.

लोक म्हणतात गावाकडं बरं असतं, पार असतो, माणसं बसलेली असतात. खरंय, पण पारावर बसतं कोण? माझ्या साठ वर्षांच्या आयुष्यात आमच्या गावच्या पारावर एक बाई रिकामी बसलेली मी बघितली नाही. बाई बाहेर दिसणार ती पाण्याला, दळणाला, बाजाराला, देवळात. देवळातसुद्धा वाती वळत. म्हणजे हातात काम असलं तरच बाईनं चार माणसांत बसायचं. मी तर शिक्षिका, गावात मान होता, तरी सुट्टीच्या दिवशी दारात नुसतं बसले तर कुणीतरी विचारायचं, बाई बरं नाही का. त्यामुळं पहिल्या दिवशी केंद्रात एक मावशी खिडकीजवळ नुसत्या बसलेल्या बघितल्या, हातात पिशवी नाही, जपमाळ नाही, नुसत्या रस्त्याकडं बघत बसलेल्या, ते मला इतकं बरं वाटलं की मी त्यांच्या शेजारची खुर्ची धरली. अजून तीच खुर्ची आहे माझी.

आता जागेबद्दल. तळमजल्याला एक हॉल, साधारण दोन वर्गखोल्यांएवढा. प्लास्टिकच्या हाताच्या खुर्च्या (बिनहाताच्या खुर्चीवरनं उठता येत नाही, हे तरुण माणसाला सुचत नाही, इथं सुचलंय), दोन कॅरम बोर्ड, बुद्धिबळाचे तीन पट, पुस्तकांची दोन कपाटं, पेपर वाचायचं लांब टेबल, पाण्याचा फिल्टर. संडास एक कमोडचा आणि एक साधा, कमोडला धरायला दांडी आहे. कुठलंही केंद्र बघायला गेलात तर आधी संडास बघा, मी अगदी मनापासून सांगतेय, कारण अर्ध्या बायका त्या एका गोष्टीपायी दोन तासांच्या वर घराबाहेर बसत नाहीत, पाणीच पीत नाहीत आणि मग उन्हाळ्यात चक्कर येते. इथं स्वच्छता चांगली असते, साफ करायला रोज एक ताई येते.

वेळ सकाळी ७ ते ११ आणि दुपारी ४ ते साडेसात.

सकाळी खुर्चीवरचे व्यायाम आणि हास्ययोग. हास्यक्लबची सुरुवात आपल्या मुंबईतच झाली, डॉ. मदन कटारिया यांनी १३ मार्च १९९५ ला अंधेरीच्या लोखंडवालातल्या बागेत पाच जणांना घेऊन सुरू केला आणि मग जगभर गेला, हे आमचे व्यायाम घेणारे काका दर नव्या माणसाला सांगतात. मला सुरुवातीला उगाच हसायला जमायचं नाही, मी मागं उभी राहून नुसत्या टाळ्या वाजवायचे. त्यांनी कधी जबरदस्ती केली नाही. टाळ्या, खांदे, मान, पायाचे घोटे फिरवणं, मग शेवटी दोन मिनिटं डोळे मिटून. माझा खांदा आखडला होता, वरच्या फळीवरचा डबा काढता येत नव्हता, तो पाच-सहा महिन्यांत निघायला लागला. बाकी कुणाला काय फायदा झाला ते त्यांचं त्यांना माहीत, मी माझं सांगतेय. हृदयाचं ऑपरेशन झालेल्यांना ते काका वेगळं बसवतात आणि डॉक्टरला विचारून या म्हणतात, ते मला आवडलं.

पेपरच्या टेबलावर पूर्वी रोज भांडण. चार पेपर येतात आणि शब्दकोडं एकच जण पेनानं भरून टाकायचा, बाकीचे चिडायचे. आता शिपाई सकाळीच कोड्याच्या झेरॉक्स काढून आणतो, ज्याला पाहिजे त्यानं घ्यायची, खाली सही करून बॉक्समध्ये टाकायची, दुसऱ्या दिवशी तपासायचं. तपासायचं काम माझ्याकडं दिलंय. लाल पेन पुन्हा हातात आलं.

कॅरमचं सांगते. माझ्या आधी इथं एकही बाई कॅरम खेळत नव्हती. नियम काही नव्हता, पण दोन्ही बोर्डांभोवती काकालोकांचा कोंडाळा, तेच चार खेळणार आणि दहा बघणार. शाळेत मधल्या सुट्टीत पोरांबरोबर मी वर्षानुवर्षं खेळलेली, हात शिवशिवायचे. एक दिवस सरळ जाऊन म्हणलं, पुढचा डाव माझा. जरा शांतता झाली पण एकानं खुर्ची दिली. पांढऱ्या माझ्या होत्या, राणी घेऊन कव्हरपण केली, तेव्हा पलीकडनं एक आजी म्हणाल्या, बाई मला शिकवता का. त्यांचं वय तेव्हा ७६. आता मंगळवार आणि शनिवारी एक बोर्ड बायकांचा असतो, सहा-सात जणी खेळतात, त्यातल्या चौघींनी आयुष्यात स्ट्रायकर हातात धरला नव्हता. पत्त्यांनाही बसतात, बदाम सात आणि पाच-तीन-दोन जोरात चालतं. पैसे लावून खेळायचं नाही हा नियम भिंतीवर मोठ्या अक्षरात आहे आणि पाळतात.

भजन गुरुवारी आणि एकादशीला हरिपाठ. इथं एक गंमत अशी की डोंबिवलीत माणसं सगळीकडनं आलेली, कुणी मालवणकडचं, कुणी जळगावचं, कुणी आमच्या सातारा-कराड भागातलं. हरिपाठाचे अभंग तेच पण चाल वेगळी. पहिल्या पहिल्यांदा एकजण एका चालीत आणि दुसरा दुसऱ्या, टाळ कुठंच जुळायचा नाही. मग ठरलं की दर एकादशीला एकेका भागाची चाल घ्यायची, बाकीच्यांनी मागनं म्हणायचं. कोकणातल्या काकांनी पखवाज आणला, त्यांच्या भजनाचा जोर वेगळाच असतो. खानदेशातल्या एक ताई आहेत, त्या अहिराणीत ओव्या म्हणतात, अर्थ निम्मा कळतो पण सगळ्या गप्प बसून ऐकतात. मला वाटतं कार्यक्रमांमधे सगळ्यात चांगलं हेच आहे.

आणि १ जून! हा आमच्या केंद्राचा सगळ्यात मोठा वाढदिवस. आमच्याकडं जवळजवळ पंचवीस जणांची जन्मतारीख १ जून आहे. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, आमच्या पिढीच्या आईबापांना तारीख माहीत नसायची, पोराला शाळेत घालायला आणलं की विचारलं तर सांगायचे, मोठा पूर आला होता त्या साली झाला, ज्वारीच्या काढणीला झाला. मग मास्तर अंदाजानं साल धरायचे आणि जूनमध्ये शाळा सुरू व्हायची म्हणून १ जून टाकायचे. मी नवीन लागले तेव्हा मीसुद्धा हेडमास्तरांच्या सांगण्यावरनं अशा तारखा लिहिल्यात. सरकारी नोकरीत पहिल्या तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी रिटायर होतो, त्यामुळं ३१ मे ला ऑफिसंच्या ऑफिसं रिकामी व्हायची. तर २०२३ पासून आम्ही त्या दिवशी प्रत्येकाला खरा जन्म कधीचा ते विचारतो, आईनं काय सांगितलं होतं ते. एका काकांनी सांगितलं, आई म्हणायची तू नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे झालास आणि पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता की तुझं रडणं ऐकूच आलं नाही. ८० वर्षांचा माणूस हे सांगताना लहान झाला होता. केक नसतो, शिरा असतो आणि शुगरवाल्यांना उपमा.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. केंद्रात सह्यांचं रजिस्टर आहे. आल्यावर नाव, वेळ, सही. मला वाटलं असेल कसल्यातरी सरकारी कामाला. जानेवारी २०२३ ला फळ्यावर सूचना लागली, महिला सदस्यांसाठी हळदीकुंकू आणि वाण. मी वाचली आणि त्या दिवशी गेले नाही. मला कुणी येऊ नका म्हणलं नव्हतं. पण नवरा गेल्यावर नऊ वर्षांत कळून चुकतं ना, ताट समोर येतं, समोरच्या बाईचा हात क्षणभर थांबतो, ती पण अवघडते आणि आपण पण. त्यापेक्षा घरीच बरं. दुसऱ्या दिवशी सही करताना सवयीनं आदल्या दिवसाचं पान उलटलं, मास्तरीण आहे, पट बघायची सवय जात नाही. रोज येणाऱ्या ४० बायकांपैकी २३ आल्या होत्या. न आलेल्या १७ जणींची नावं मी एकेक वाचली. दोघी आजारी होत्या. बाकी पंधराच्या पंधरा विधवा. एकमेकींशी काही न बोलता पंधराजणी आपापल्या घरात बसून राहिल्या होत्या.

मी ते पान महिला प्रमुखांना दाखवलं. त्या स्वतः सवाष्ण आहेत, चांगल्या आहेत, पण त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं, त्यांना रडू आलं. त्याच्या आदल्याच वर्षी, मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला होता, कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, समारंभात न बोलावणं हे सगळं बंद, आणि १७ मे ला राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. मी म्हणलं एक खेडं करू शकतं तर आपण शहरातली, पेन्शन घेणारी माणसं का नाही. कमिटीत बरीच चर्चा झाली, काहीजणींचा विरोध होता, आमच्या धर्मात असं नाही वगैरे, मी त्यांच्याशी भांडले नाही, फक्त रजिस्टर टेबलावर ठेवलं.

२०२४ पासून तिळगूळ समारंभ असतो. सगळ्यांना तिळगूळ, सगळ्यांना वाण, सगळ्यांना फूल, हळदीकुंकवाचं ताट मधे टेबलावर, जिला लावायचं तिनं आपल्या हातानं लावायचं. पहिल्या वर्षी एक ८४ वर्षांच्या आजी गजरा ओंजळीत घेऊन बसून राहिल्या, बराच वेळ, नुसता वास घेत. शेजारच्या बाईनं हळूच विचारलं, लावू का केसात. त्यांनी मान हलवली. बस एवढंच. त्या दिवशी सह्या ४१ होत्या.

त्यानंतर कमिटीनं आणखी एक गोष्ट केली आणि ती मला या केंद्राची सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. रोज येणारा माणूस न सांगता दोन दिवस आला नाही की त्याला फोन जातो. चार जणांकडं नावं वाटून दिलीत, माझ्याकडं १९ आहेत. बहुतेकदा काही नसतं, मुलीकडं गेले होते, सर्दी झाली होती, कंटाळा आला. पण गेल्या पावसाळ्यात एक ८२ वर्षांचे काका, एकटे राहतात, मुलगी पुण्याला, ते एरवी गावाला जाणार असले तरी आधी सांगून जाणारे, म्हणून एकच दिवस चुकला तरी त्यांच्या यादीवाल्या ताईंनी फोन केला. उचलला नाही. तासाभरानं पुन्हा, उचलला नाही. दोघेजण घरी गेले, शेजाऱ्यांकडं किल्ली होती, उघडलं तर काका रात्रीपासून बाथरूमच्या दारात पडलेले, खुब्याचं हाड मोडलेलं, शुद्धीवर होते पण ओरडून ओरडून घसा बसलेला. आता वॉकर घेऊन येतात, आठवड्यातनं तीनदा. तेव्हापासून आम्ही प्रत्येकाच्या कार्डावर मुलाचा नंबर, रक्तगट, चालू गोळ्या आणि घराची दुसरी किल्ली कुणाकडं असते ते लिहून घेतो. तुम्ही जे केंद्र बघाल तिथं एवढं जरूर विचारा, माणूस आला नाही तर तुम्हाला कळतं का? सहली, स्पर्धा, टीव्ही सगळं नंतर.

कागदपत्रांच्या कामाला पण मोठी मदत होते. २०२४ ला मुख्यमंत्री वयोश्री योजनेचे फॉर्म आले, ६५ च्या वरच्या आणि दोन लाखाच्या आत उत्पन्न असणाऱ्यांना चष्मा, काठी, श्रवणयंत्र, कमरेचा पट्टा असल्या गोष्टींसाठी एकदाच ३,००० रुपये खात्यात. मी त्यात बसत नाही पण फॉर्म भरायला रोज दोन तास बसले. आमच्यात कंपनीतनं रिटायर झालेले पुष्कळ आहेत ज्यांना ईपीएफची पेन्शन महिन्याला हजार-दोन हजार मिळते, त्यांना तीन हजार म्हणजे काय ते माझ्यासारख्या सरकारी पेन्शनवाल्यांना कळणार नाही. मग ऑक्टोबर २०२४ ला ७० च्या वरच्यांचं आयुष्मान कार्ड सुरू झालं, पाच लाखापर्यंतच्या उपचाराचं, त्याला उत्पन्नाची अट नाही, पण ओटीपीनं काढायचं तर आधारला मोबाईल जोडलेला पाहिजे आणि निम्म्या लोकांचा जुनाच नंबर जोडलेला. कॉलेजची पोरं आली होती शनिवार-रविवार, त्यांनी एकेकाचं धीरानं करून दिलं. नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखलापण आता चेहरा दाखवून मोबाईलवर काढतात, ज्यांना बँकेचे जिने चढवत नाहीत त्यांची मोठी सोय.

मोबाईलचा वर्ग बुधवारी. व्हिडिओ कॉल, लाईटबिल, ट्रेनचं बुकिंग आणि मुख्य म्हणजे फसवणूक. आमच्यातल्या एका ताईंना पोलिसाच्या वेशातल्या माणसाचा व्हिडिओ कॉल आला होता, तुमच्या नावानं पार्सल पकडलंय, तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय, फोन ठेवायचा नाही, कुणाला सांगायचं नाही. त्या फोन चालूच ठेवून केंद्रात आल्या कारण चारची वेळ झाली होती, सवयीनं पाय इकडं वळले. वर्गातल्या बाईंनी हातातनं फोन घेऊन बंद केला. असली अटक कायद्यात नाहीच, पोलीस व्हिडिओ कॉलवर कुणाला अटक करत नाहीत. भिंतीवर दोन नंबर लावलेत ते इथंही देते, सायबर फसवणुकीला १९३० आणि ज्येष्ठांच्या कुठल्याही अडचणीला एल्डरलाइन १४५६७. लिहून फ्रिजवर चिकटवा.

सहली वर्षातनं दोन. गेल्या हिवाळ्यात साध्या एसटीनं माळशेज घाटातनं ओझर आणि लेण्याद्रीला गेलो. ७५ च्या वरच्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटी मोफत, ६५ ते ७५ अर्धं तिकीट, आणि मार्च २०२३ पासून बायकांना सगळ्यांनाच अर्धं, त्यामुळं खर्च फार येत नाही. ७५ च्या वरच्यांनी आधार कार्ड जवळ ठेवलं होतं, कंडक्टरनं शून्य रुपयाचं तिकीट दिलं. एक काका ते तिकीट पाकिटात जपून ठेवतात. ओझरला सपाट आहे, सगळ्यांनी दर्शन घेतलं, लेण्याद्रीला तीनशेच्या आसपास पायऱ्या, निम्मेजण खालीच बसलो, शेंगा खाल्ल्या, डोंगराकडं बघितलं. खाली थांबणाऱ्यांबरोबर कमिटीचा एकजण थांबला होता हे आवर्जून लिहिते.

आता तक्रारी.

दाराला दोन पायऱ्या आहेत आणि कठडा नाही. दोनच पायऱ्या, पण माझ्या डोळ्यादेखत तिघं अडखळलेत. तीन वर्षं प्रत्येक मीटिंगला मांडतेय, होईल म्हणतात. एक लोखंडी पाइप लावायला किती खर्च येतो? वॉकरवाल्या काकांना दर वेळी दोघांनी धरून चढवावं लागतं आणि त्यांना त्याचं वाईट वाटतं.

दुसरं, मोफत आरोग्य तपासणी म्हणून एकदा एका कंपनीला हॉल दिला. बीपी, शुगर बघितली आणि मग दार लावून तासभर चुंबकाच्या गादीचं भाषण, गुडघे बरे होतील, शुगर उतरेल, आजच घेतलं तर निम्मी किंमत. दोघांनी घेतली, एकानं तर ठेव मोडून. काही उपयोग झाला नाही आणि पैसेही परत मिळाले नाहीत. ज्या माणसांनी कमिटीवर विश्वास ठेवून पैसे दिले त्यांना नंतर कितीही सॉरी म्हणलं तरी काय. आता नियम केलाय की हॉलमध्ये काहीही विकायचं नाही, तपासणी करायची तर सरकारी किंवा ट्रस्टच्या दवाखान्याची. नियम चांगला आहे पण उशिरा आला.

तिसरं, भाषणं. १ ऑक्टोबर, जागतिक ज्येष्ठ नागरिक दिन, १९९१ पासून जगभर पाळतात, चांगलंच आहे, पण आमच्याकडं तो दिवस म्हणजे पाहुणे दीड तास उशिरा, मग शाल-श्रीफळ, मग सात जणांची मनोगतं, आणि ज्यांचा दिवस आहे ते खुर्चीत अवघडून बसलेले, गोळ्यांची वेळ टळलेली. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांना पंख्याच्या घरघरीत आणि माइकच्या शिट्टीत एक अक्षर कळत नाही. त्यापेक्षा त्या दिवशी पण हरिपाठ ठेवा.

चौथं, ११ ते ४ बंद. एकट्या माणसाला दुपारच खायला उठते. जेवण झालं की पुढं चार वाजेपर्यंतचा वेळ सरता सरत नाही. शिपायाच्या पगाराचा प्रश्न आहे म्हणतात, मी सांगितलंय की आम्ही सहाजणी आळीपाळीनं किल्ली सांभाळतो, उन्हाळ्यापुरतं तरी करून बघा. अजून उत्तर नाही.

आणि कमिटीत १३ पैकी दोनच बायका. येणाऱ्यांत आता निम्म्या बायका आहेत. पुढच्या निवडणुकीला आम्ही चौघी उभ्या राहतोय.

मार्क द्यायचे तर ५ पैकी ४ देते. कठडा लागला आणि दुपारचं दार उघडलं की पाचवा देईन, तोवर नाही.

वयाची ६० पूर्ण पाहिजेत. आधारची झेरॉक्स, दोन फोटो, प्रवेश फी १०० आणि वर्षाचे ३०० रुपये, ज्यांना जमत नाही त्यांची फी गुपचूप माफ होते, विचारायला लाजू नका. मुलांनी आईवडलांना नुसतं सोडून जाऊ नये, पहिले दोन-तीन दिवस अर्धा तास सोबत बसावं, मला सून घेऊन आली होती आणि तिनंच त्या खिडकीजवळच्या मावशींशी ओळख करून दिली. आधी चार दिवस नुसतं येऊन बसलं तरी चालतं, पैसे लगेच मागत नाहीत. डोंबिवलीतलं कुणी येणार असेल आणि पहिल्यांदा एकटं यायला कसंतरी वाटत असेल तर खाली कमेंटमध्ये लिहा, सून मला दाखवेल, आणि मी त्या दिवशी चारच्या आधीच येऊन दारात थांबेन. पायऱ्यांवर माझा हात धरा, चष्मा आणि पाण्याची बाटली विसरू नका.